मदत हवी आहे: व्हीलॅन वेगळे केल्यावर टॅबलेटवर पीएलसी दिसेनासा झाला

तारयंत्री: देखभाल विभागासाठी वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट बसवल्यापासून पीएलसी (यंत्रे चालवणारा नियंत्रक) आणि एचएमआय (चालकासमोरचा पडदा) यांच्यातील संपर्क अधूनमधून तुटत होता, म्हणून मी स्विचवर दोन व्हीलॅन (एकाच स्विचवरची स्वतंत्र आभासी जाळी) करून तारेची आणि बिनतारी उपकरणे वेगळी केली. संपर्क तुटणे थांबले, परंतु आता टॅबलेटवर काहीच उघडत नाही. कृपया लवकर सांगावे.

चौकस: दोन्ही व्हीलॅनच्या मध्ये काय आहे आणि टॅबलेट नेमके कोणाशी बोलतात, हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

मुक्तलहरी: २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हीच चॅनेल वापरावीत. वायरलेसहार्टची (कारखान्यातील बिनतारी मोजमाप उपकरणांचे मानक) उपकरणेही याच पट्ट्यात असतात.

चौकस: कालपर्यंत त्याच चॅनेलवर टॅबलेट चालत होते, दोष हवेत नाही.

तारयंत्री: मध्ये फायरवॉल आहे आणि सध्या त्यावर सर्व मोकळे ठेवले आहे. टॅबलेट थेट पीएलसीशी मॉडबस टीसीपीने (औद्योगिक उपकरणांची संवादाची पद्धत) बोलतात. पीएलसीमध्ये गेटवेचा (दुसऱ्या जाळ्याकडे जाणाऱ्या वाटेचा पत्ता) रकाना रिकामा आहे. पूर्वी सर्व एकाच सबनेटमध्ये (पत्त्यांच्या एकाच गटात) असल्याने तो कधी भरावा लागला नाही.

चौकस: तेच कारण आहे. विनंती पीएलसीपर्यंत पोहोचते, पण उत्तराला परतीची वाट नाही. यंत्रे थांबवण्याच्या पुढच्या नियोजित वेळी गेटवे भरा आणि फायरवॉलवर फक्त मॉडबसचा ५०२ पोर्ट उघडा.

जुनाजाणता: मी असहमत आहे. साध्या मॉडबस टीसीपीमध्ये ओळख पटवण्याची सोयच नाही, त्यामुळे वायफायमध्ये शिरलेला कोणीही पीएलसीच्या रजिस्टरमध्ये (मूल्ये साठवण्याच्या जागेत) लिहू शकेल. ऑस्ट्रेलियातील मरूची येथे २००० साली एका माणसाने रेडिओवरून पंपांना आज्ञा देऊन सुमारे आठ लाख लिटर सांडपाणी बाहेर सोडले होते. गेटवे रिकामाच राहू द्या. तारेच्या बाजूच्या सर्व्हरने माहिती गोळा करून मधल्या झोनमधील (दोन्ही व्हीलॅनपासून वेगळ्या ठेवलेल्या भागातील) दुसऱ्या सर्व्हरला पाठवावी आणि टॅबलेटने तेवढाच पाहावा.

चौकस: एवढ्यासाठी दोन सर्व्हर? मॉडबस उलगडून पाहणारा फायरवॉल असेल, तर वाचनाचे १ ते ४ हे फंक्शन कोड (आज्ञांचे क्रमांक) सोडून बाकीचे अडवता येतात.

जुनाजाणता: त्यांच्या फायरवॉलमध्ये ती सोय आहे का, हे आधी विचारावे.

तारयंत्री: नाही. शिवाय तंत्रज्ञ टॅबलेटवरून सेटपॉइंटही (यंत्राने राखायची ठरवून दिलेली मूल्ये) बदलतात, हे लिहायचे राहिले.

चौकस: मग माझा उपाय बाद. जुनाजाणता म्हणतात तेच करा. सेटपॉइंट मात्र एचएमआयसमोर उभे राहूनच बदलावे लागतील.