मदत हवी आहे: छापील लवचीक एमआरआय कॉइलचा क्यू फारच कमी येतोय

नमस्कार मंडळी,

मी परळला राहते, बायोमेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रश्न जरा तांत्रिक आहे (क्यू म्हणजे कॉइल स्वतः किती कमी ऊर्जा वाया घालवते याचं माप; जास्त तितका चांगला), पण इथे आरएफवाले (रेडिओ लहरींचं काम करणारे), छपाईवाले आणि इस्पितळात काम करणारे सगळेच सापडतात म्हणून धागा काढला.

खूळ घरातूनच डोक्यात शिरलं. 2 वर्षांपूर्वी भाचीच्या गुडघ्याचा एमआरआय झाला, तेव्हा ती 4 वर्षांची होती. मोठ्यांच्या मापाची कडक कॉइल तिच्या पायाला ढगळ. फटीत चादरीच्या घड्या कोंबल्या, वरून पट्टे आवळले, ती रडून पाय झाडायला लागली आणि शेवटी भूल द्यावी लागली. आता कळतं की कॉइल म्हणजे ऐकणारी अँटेना. शरीरातला सिग्नल इतका क्षीण असतो की ती अंगापासून लांब राहिली की चित्रात मुंग्या वाढतात.

बर्कलीच्या आना क्लाउडिया आरियास आणि मायकेल लस्टिग यांच्या गटाने प्लास्टिकच्या फिल्मवर चांदीच्या शाईने कॉइल छापली. अंगाला लपेटता येते. 2016 साली ते काम नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलं. कपॅसिटरसुद्धा (वीज साठवणारे भाग, यांनीच कॉइल हव्या वारंवारतेवर येते) छापलेलेच: फिल्मच्या दोन्ही अंगांना शाई, मधली फिल्म हेच डायइलेक्ट्रिक, म्हणजे मधला विद्युतरोधक थर. वाचलं आणि म्हटलं, स्क्रीन प्रिंटिंग तर आपल्या घरचं! काका गिरगावात 30 वर्षं लग्नपत्रिका छापतायत.

काकांनी शाईच्या डबीची किंमत ऐकली आणि कपाळाला हात लावला. छापून झाल्यावर रबराच्या कडेला राहिलेली शाई त्यांनी जुन्या पत्रिकेच्या कोपऱ्याने खरवडून परत डबीत घातली. "ही काय धुऊन गटारात सोडायची?"

तर केलं ते असं. 8 सेंमी व्यासाचा वेढा, 5 मिमी रुंद पट्टी, साधी पीईटी फिल्म (बाटल्यांचं प्लास्टिक), कपॅसिटरही त्यावरच छापलेले, शाईचा एकच हात, पत्रिकेसाठी लावलेली बारीक जाळी. मग घरच्या ओटीजीत 130 अंशांवर 20 मिनिटं. (आईने तो ओटीजी कायमचा माझ्या नावावर केलाय. त्यात आता नानकटाई होणार नाही.) ट्यूनिंग 64 मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे 1.5 टेस्ला चुंबकाच्या मशीनसाठी.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या नॅनोव्हीएनएवर (वारंवारता आणि क्यू मोजायचं छोटं यंत्र) मोजलं. बिनभार, म्हणजे नुसत्या कॉइलचा क्यू 34, शरीराच्या जागी मिठाच्या पाण्याच्या बरणीवर ठेवल्यावर 24. त्याच मापाची तांब्याच्या पट्टीची कॉइल, बाजारचे चिप कपॅसिटर लावून: 210 आणि 60. बरणीवर क्यू जितका जास्त पडतो तितका कॉइलचा स्वतःचा अपव्यय त्या मानाने कमी. म्हणजे तांब्याला आदर्श (स्वतः काहीच वाया न घालवणाऱ्या) कॉइलच्या साधारण 85 टक्के सिग्नल-नॉइज (सिग्नल आणि खरखरीचं प्रमाण) मिळतं, माझ्या छापील बाळाला 54. शिवाय बरणीभोवती गुंडाळली की वारंवारता 63.9 वरून 65.1 ला पळते.

गाईड म्हणतात शाई बदल. शाई बदलायला पैसे नाहीत. क्यू नेमका कुठे गळतोय हे कसं शोधू?

खाडीकाठचा_आरएफवाला

गाईडचं इतक्यात ऐकू नका. तुमच्याकडे संशयित तीन आहेत आणि तुम्ही तिघांना एकाच कोठडीत ठेवलंय.

पहिला पीईटी. रोजच्या कामाला चांगली फिल्म, पण 64 मेगाहर्ट्झला कपॅसिटरमध्ये बसवली की ऊर्जा खाते. पीटीएफई (टेफ्लॉन) त्या मानाने कितीतरी कमी खाते, फक्त त्यावर शाई धरायला नखरे करते. त्याच छापील वेढ्यातले छापील कपॅसिटर कापून तिथे चांगले सिरॅमिक चिप कपॅसिटर लावा आणि क्यू पुन्हा मोजा. जेवढा वाढेल तेवढा दोष फिल्मचा. चिप साध्या सोल्डरने लावू नका, शाईतली चांदी सोल्डर गिळून टाकतं. वाहक इपॉक्सी (वीज वाहणारा गोंद) वापरा.

दुसरा शाईची जाडी. भरीव तांब्यात या वारंवारतेला प्रवाह मुख्यतः वरच्या साधारण 8 मायक्रॉनमध्ये वाहतो. शाई म्हणजे भरीव चांदी नव्हे, चांदीचे कण आणि त्यांना धरणारं चिकट. तिची वाहकता बरीच कमी, त्यामुळे प्रवाह खोल शिरू बघतो आणि एका हाताच्या थरात त्याला जागाच मिळत नाही.

तिसरा तुमचा ओटीजी. त्याच्या बटणावरच्या 130 वर माझा काडीचा विश्वास नाही. थर्मोकपल (तापमान मोजायची तार) घाला आत.

रात्रपाळी_टेक्निशियन

मी रोज कॉइल लावणारा माणूस. भाचीचं वाचून वाईट वाटलं. घड्या कोंबायचं काम आम्हीही करतो, आवडीने नाही.

एक हात जोडून विनंती. ही कॉइल कुणाच्या अंगावर ठेवून मशीनमध्ये जाऊ नका, स्वतःच्याही नाही. मशीन रेडिओ लहरींचं प्रक्षेपण करतं त्या क्षणी तुमची कॉइल बंद पडायला हवी, त्यासाठी पिन डायोडचं (विजेने चालू-बंद होणारा स्विचसारखा भाग) डिट्यूनिंग, म्हणजे कॉइल त्या वारंवारतेवरून हटवणं लागतं. ते नसेल तर कॉइलमध्येच प्रवाह उठतो आणि कातडी भाजते. बरणीवरच राहा. पुढचं सगळं एथिक्स कमिटी आणि गाईडमार्फत.

आणि एक प्रश्न. आम्ही प्रत्येक पेशंटनंतर कॉइल जंतुनाशकाने पुसतो. तुमची शाई दिवसातून 20 वेळा पुसणं झेलेल?

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. दादा, शब्द देते, बरणीच्या पलीकडे जाणार नाही. पुसण्याचा विचार खरंच केला नव्हता. वरून पातळ फिल्मचं आवरण चढवून बघते.

10 दिवसांनी आकडे देतेय. कपॅसिटर बदलल्यावर क्यू 34 वरून 58. म्हणजे पीईटीची चोरी पकडली गेली. थर्मोकपलने ओटीजीचीही अब्रू काढली: बटण 130 वर, आत 112. शाई अर्धीकच्चीच होती.

जाडीचं काकांना सांगितलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले. "अगं, मग पत्रिकेची जाळी कशाला लावलीस? ती बारीक अक्षरांसाठी. शाई जाड बसायला हवी तर टी-शर्टवाली जाड जाळी लाव. आधी विचारायचंस ना!" जाड जाळी, दोन हात, मध्ये वाळवून, थर्मोकपल बघून खरे 130 अंश, चिप कपॅसिटर. आता बिनभार 118, बरणीवर 49. म्हणजे 54 वरून 76 टक्के, त्याच डबीतल्या शाईत.

दुसरा हात पहिल्यावर तंतोतंत बसवायला काकांनी चष्मा कपाळावर सरकवून फिल्मच्या कोपऱ्यांत पेन्सिलने चार फुल्या मारल्या. गेल्या वेळी माझी अर्धा मिमी सरकली होती.

गुंडाळल्यावर वारंवारता सरकते ते मात्र तसंच आहे. वाकल्यावर वेढ्याचं इंडक्टन्स (कपॅसिटरसोबत वारंवारता ठरवणारा वेढ्याचा गुण) कमी होतं इतपत समजलं. गुडघ्याच्या गोलाईवर वाकवूनच ट्यून करावी का? पण मग 4 वर्षांच्या गुडघ्याला आणि माझ्या गुडघ्याला एकच कॉइल कशी चालणार? कुणी केलं असेल तर सांगा.