मातीने भरलेल्या दालनाने क्षारपड हटणार आहे का?

वाळव्याचा ऊसकरी : येथे काल एका सदस्याने असा प्रस्ताव मांडला की, ५ डिसेंबरच्या जागतिक मृदा दिनी सांगलीत एक दालन मातीने भरून ठेवावे, म्हणजे जिवंत मातीविषयी लोकजागृती होईल, आणि दाखला दिला तो कलावंत वॉल्टर डी मारिया यांच्या न्यूयॉर्कमधील १९७७ च्या ‘अर्थ रूम’चा. त्या खोलीत सुमारे २२ इंच मातीचा थर आहे, त्यावर पाणी मारतात, दाताळे फिरवतात आणि काही उगवलेच तर उपटून टाकतात. जिथे अळंबीलाही मुभा नाही, त्या मातीला जिवंत म्हणायचे? आमच्याकडे मोकाट पाण्याने भूजल वर येते, त्याबरोबर क्षार वर चढतात आणि पाणी उडून गेल्यावर रानावर पांढरा थर राहतो. तो पाहण्यासाठी दालन भाड्याने घ्यावे लागत नाही.

रंगरेषा, मिरज : एका खोलीवरून साऱ्या समकालीन कलेला निकालात काढणे सोयीचे आहे. ॲग्नेस डेनिस यांनी १९८२ मध्ये मॅनहॅटनमध्ये, भराव टाकलेल्या दोन एकरांवर गहू पिकवला होता. मेल चिन यांनी १९९१ मध्ये मिनेसोटातील कचराभूमीवर, रूफस चेनी या शास्त्रज्ञाच्या साहाय्याने, मातीतील जस्त आणि कॅडमियम शोषून घेणाऱ्या वनस्पती लावल्या. त्या कामाचे अनुदान अमेरिकेच्या राष्ट्रीय कला-अनुदान संस्थेच्या प्रमुखांनी आधी अडवले आणि नंतर मंजूर केले. राहिला आपला पांढरा थर. तो इतकी वर्षे पाहूनही पाट किती जणांनी आवरला, तेवढे सांगावे.

कराडकर : ‘पाचट जाळू नका’ असे रंगवलेल्या भिंतीमागेच पाचट पेटलेले मी पाहिले आहे. रंग मात्र उत्तम होता.

बांधकरी, पलूस : पाट आवरायचा कोणी? वरच्या रानातला शेतकरी मोकाट पाणी सोडतो आणि पाझर माझ्या उसात उतरतो. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकायचे ठरवले, तर निचऱ्याचे पाणी ओढ्यापर्यंत नेण्यासाठी खालच्या दोघांची संमती लागते आणि त्यांतला एक माझ्याशी बोलतही नाही. शेवटी दुकानदाराच्या सांगण्यावरून जिप्सम टाकले, तेही वाया गेले.

कृषी पदवीधर, सांगली : वाया जाणारच होते. जिप्सम चोपण जमिनीसाठी असते, जिचा सामू (pH) साडेआठच्या वर आणि सोडियम जास्त असते. निव्वळ खारवट जमिनीत क्षार धुऊन बाहेर काढावे लागतात. निचरा नसेल तर पाणथळ मातीत हवाच उरत नाही, मग गांडुळे आणि उपयुक्त जिवाणू जगणार कसे? आधी माती तपासून घ्यायची एवढी साधी गोष्ट आपण करत नाही.

बांधकरी, पलूस : पदवी आपल्याजवळच ठेवावी. २०१५ मध्ये सुरू झालेल्या योजनेतील मृदा आरोग्य पत्रिका माझ्या घरी आहे. तिच्यावर सामू, विद्युतवाहकता, सेंद्रिय कर्ब असे बारा घटक आहेत. वरच्या शेजाऱ्याच्या पाण्याचा रकाना नाही. ज्याच्या रानाला उतार लाभला आहे, त्याने निचऱ्यावर प्रवचन देऊ नये.

रंगरेषा, मिरज : हा रकाना कलावंताला भरता येईल. दालन राहू द्या. वरच्या रानापासून ओढ्यापर्यंत प्रत्येक रानात भोके पाडलेला एकेक नळ उभा गाडावा आणि त्यात तरंगणारी, खुणा केलेली रंगीत काठी सोडावी. भूजल वर आले की काठी वर येईल, आणि कोणी पाणी सोडल्यावर कोणाची काठी उचलली जाते हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसेल.

वाळव्याचा ऊसकरी : काठ्यांना माझी हरकत नाही, कारण त्या निदान काहीतरी मोजतील, जलतज्ज्ञ निरीक्षण नळ्यांनी हेच करत आले आहेत, त्याला रंग लावला की कला होत असेल तर आनंदच आहे. फक्त पीक उभे असताना उद्घाटनाची गर्दी रानात घालू नये.

बांधकरी, पलूस : माझ्या रानात नळ आजच गाडा. वरच्याची परवानगी मात्र कलावंतांनी काढावी, मी येणार नाही.