मदत हवी आहे: भरती-ओहोटीच्या अ‍ॅपवर जाहिराती कशा लावाव्यात?

खाडीकाठ:
रत्नागिरी ते वेंगुर्ला पट्ट्यातल्या बंदरांच्या भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारं अँड्रॉइड अ‍ॅप तयार आहे. फुकटच ठेवायचंय, खर्च जाहिरातींतून निघावा. वापरणारे बहुतेक तांडेल आणि खलाशी. किनारा सुटला की रेंज जाते आणि बॅनरची जागा पांढरी पडते. अ‍ॅडमॉबचा (गूगलची जाहिरात सेवा) बॅनर, म्हणजे जाहिरातीची पट्टीच ठेवू की पूर्ण पडद्याची जाहिरात लावू?

वल्हं:
पूर्ण पडद्याची नको. माणूस अ‍ॅप उघडतो, भरती कधी ते बघतो, बंद करतो. उघडताना किंवा बाहेर पडताना ती टाकणं नियमात बसत नाही, आणि तुमच्या अ‍ॅपला मधला भागच नाही.

बॅनर तळाशी, पण तारीख मागेपुढे करायच्या बटणांपासून लांब. ओल्या हातांनी चुकून दाबला जातो. असे क्लिक अवैध धरून कमाई कापतात, फारच झाले तर जाहिराती मिळण्यावर मर्यादा येते. स्वतःचा फोन टेस्ट डिव्हाइस म्हणून नोंदवल्याशिवाय चाचणी करू नका.

हिशेबही मांडून बघा. समजा दिवसाला बॅनर ३,००० वेळा दिसला आणि हजारी (दर हजार वेळा दिसण्यामागे) ८ रुपये पडले, तर झाले २४ रुपये. खात्यावर १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, म्हणजे जवळपास वर्ष. वर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा अ‍ॅप उघडणार कोण?

हापूसबाग:
पांढऱ्या जागेसाठी अ‍ॅडमॉबकडून येणारा एरर कोड बघा. २ म्हणजे नेटवर्क नाही. ३ म्हणजे नेटवर्क आहे, पण द्यायला जाहिरात नाही. दोन्ही वेळा लगेच पुन्हा मागणी करू नका, रेंज नसताना तो फेरा बॅटरी खातो. आधी भरून ठेवलेली पूर्ण पडद्याची जाहिरातही तासाभरात शिळी होते, रात्रीच्या मासेमारीला काय कामाची!

त्यापेक्षा ती जागा जेटीवरच विका: बर्फाचा कारखाना, जाळ्यांचं दुकान, इंजिनचा मेकॅनिक. त्यांचं गिऱ्हाईक तुमच्याच अ‍ॅपवर आहे. ३२०×१०० मापाची चित्रं आणि एक छोटी जेसन फाइल, म्हणजे माहितीची साधी मजकूर-फाइल (बंदर, सुरुवात, शेवट, फोन नंबर) सर्व्हरवर ठेवा. रेंज असताना अ‍ॅपने ती उतरवून घ्यावी, समुद्रात फोनमधूनच दाखवावी. कोपऱ्यात 'जाहिरात' लिहा. चित्र दाबल्यावर अँड्रॉइडची अ‍ॅक्शन-डायल ही आज्ञा वापरा: नंबर फक्त डायलरवर येतो, परवानगी मागावी लागत नाही. थेट फोन लावणाऱ्या अ‍ॅक्शन-कॉलला लागते.

खाडीकाठ:
म्हणजे अ‍ॅडमॉब काढून टाकू? आणि दुकानदाराला दर काय सांगायचा?

हापूसबाग:
काढू नका, पर्यटकांसाठी राहू दे. मात्र एकावर एक ठेवू नका. कोड २ किंवा ३ आला की बॅनर पूर्ण लपवून स्थानिक चित्र पुढे आणा. दर महिन्याचा ठोक, ऑगस्ट ते मे. 'हजारी किती' हे दुकानदाराला पटत नाही, आणि समुद्रातली मोजणी फोन किनाऱ्याला लागेपर्यंत सर्व्हरवर पोचत नाही.

वल्हं:
अ‍ॅप-अ‍ॅड्स.टीएक्सटी फाइल (तुमच्या अ‍ॅपवरची जाहिरातीची जागा कोण विकू शकतं त्याची यादी) विसरू नका. प्ले स्टोअरवर जी वेबसाइट दिली असेल तिच्या मुळाशीच ती हवी, आतल्या फोल्डरमध्ये सापडत नाही. आणि नुसती स्थानिक चित्रं ठेवलीत तरी प्ले कन्सोलमध्ये (प्ले स्टोअरवर अ‍ॅप चढवायचं पान) 'जाहिराती आहेत' असंच सांगायचं.