गिझरच्या पाण्याला वास येतो? तुमचे अनुभव लिहा

थंडीची चाहूल लागली की उन्हाळाभर बंद असलेले गिझर पुन्हा सुरू होतात आणि आमच्या सोसायटीत दरवर्षी तोच विषय निघतो: गरम पाण्याला कुजक्या अंड्यांसारखा वास. एक म्हणतो गिझर बदला, दुसरा म्हणतो बादलीत लिंबू पिळा. पुण्यात प्रत्येक भागाचं पाणी वेगळं. पेठांत खडकवासल्याचं, आमच्या बाणेरला थोडं महापालिकेचं, बाकी टँकरचं. तेव्हा तुमच्याकडे वास कशाचा निघाला, कशाने गेला आणि पैसे कुठे वाया गेले ते लिहा. भाग आणि पाणी कुठलं ते जरूर सांगा. कंपन्यांची नावं नकोत, धागा भलतीकडे जातो.

वारजे, महापालिकेचं पाणी
आधी वास पाण्याचाच आहे का ते बघा. स्टीलच्या पेल्यात गरम पाणी घ्या आणि गॅलरीत जाऊन हुंगा. आमच्या पेल्यातल्या पाण्याला काही वास नव्हता. पाहुण्यांच्या बाथरूममधल्या जाळीखालचा ट्रॅप (पाणी साचून वास अडवणारा वाकडा भाग) सुकला होता आणि ड्रेनेजचा वास वर येत होता. गरम पाण्याची वाफ झाली की तो जास्त जाणवायचा, म्हणून सगळे गिझरवर खापर फोडत होते. जाळीत दोन तांबे पाणी ओतलं, विषय संपला.

वाघोली, टँकर आणि बोअर
आमचं प्रकरण खरंच गिझरचं होतं. गार पाण्याला वास नाही, गरम नळ सोडला की पहिल्या धारेलाच भपकारा. बाथरूमच्या कोनाड्यात काढून ठेवलेली बायकोची चांदीची जोडवी काळी पडायला लागली, तेव्हा कुठे घरच्यांना पटलं की हा माझ्या नाकाचा दोष नाही.

आलेल्या माणसाने खालचं झाकण खोलून रॉड दाखवला, म्हणजे पाणी तापवणारा नव्हे, टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेला मॅग्नेशियमचा. नवा असताना बोटाएवढा जाड असतो म्हणे, आमचा खडूसारखा पांढरा, खडबडीत आणि मधेच तारेइतका बारीक झालेला. टाकीच्या तळातून पांढऱ्या खपल्या आणि काळसर गाळ निघाला. त्याने टाकी धुऊन मॅग्नेशियमच्या जागी ॲल्युमिनियम-जस्ताचा रॉड घातला आणि थर्मोस्टॅटवर तापमान वाढवून ठेवलं. त्यानंतर वास नाही. त्याआधी दुसऱ्या एका महाशयांनी पाण्याच्या लाइनवर महागडा फिल्टर बसवून दिला होता. बादलीतले क्षार कमी झाले, वास जागच्या जागी.

सहकारनगर, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक
वाघोलीकरांच्या जोडव्यांनी अचूक निदान केलं. तो वायू हायड्रोजन सल्फाइड, चांदी त्यानेच काळी पडते. पाण्यात सल्फेट असतं, बोअरच्या पाण्यात बहुधा जास्त. टाकी गंजू नये म्हणून आतला मॅग्नेशियमचा रॉड स्वतः झिजतो आणि झिजताना हायड्रोजन तयार होतो. काही जिवाणू त्या हायड्रोजनवर जगतात आणि सल्फेटपासून हा वायू बनवतात. त्यांना कोमट, साचलेलं पाणी मानवतं. 60 अंशांच्या वर त्यांचा निभाव लागत नाही.

आता आपली सवय बघा. आंघोळीपुरता गिझर लावायचा, पाणी जेमतेम तापलं की बटण बंद. वीज वाचते, पण टाकी दिवसभर कोमट राहते. अधूनमधून थर्मोस्टॅट 60 च्या पुढे ठेवून टाकी पूर्ण तापू द्यावी, दिवा आपोआप विझेपर्यंत. त्या दिवशी लहान मुलांना नळाजवळ जाऊ देऊ नये, पाणी पोळतं.

कोथरूड
लिंबू पिळणाऱ्यांना साष्टांग दंडवत.

चिंचवड, पवनेचं पाणी
इकडे नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी, त्यामुळे सगळा भरवसा टाक्यांवर. साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो, मग जिवाणूंना रान मोकळं. आम्ही गिझर दोनदा धुऊन घेतला, वास परत यायचाच. शेवटी लॉफ्टवरची टाकी उघडली तर तळाशी बोटभर गाळ. ती घासून धुतल्यावरच फरक पडला.

औंध, सोलर
आमच्या गच्चीवर सोलर आहे. पावसाळ्यात ऊन नाही, बॅकअपची कॉइल कोणी लावत नाही, कारण बिल कॉमन मीटरवर येतं. मग वरची टाकी आठवडाभर कोमट. सरांनी सांगितलेलं सगळं तिथे लागू पडतं. समितीच्या बैठकीत मांडून बघितलं, चर्चा पार्किंगवर गेली.

हडपसर, गिझर दुरुस्तीचं काम करतो
वरचं बरोबर आहे, पण काही जण रॉड काढून तिथे नुसता प्लग, म्हणजे बूच, मारून देतात. वास लगेच जातो, गिऱ्हाईक खूश. नंतर टाकी आतून सडते आणि गळायला लागली की दुरुस्ती होत नाही, नवा गिझरच घ्यावा लागतो. रॉड काढलेला दिसला तर वॉरंटीही नाकारतात. बोअरचं पाणी असेल तर दर वर्षी रॉड बघून घ्या.

दुसरं, घरच्या घरी ॲसिड ओतू नका. क्षार काढायला ॲसिड आणि वास घालवायला ब्लीचिंग पावडर असं एकापाठोपाठ एक करणारे मी पाहिलेत. दोन्ही एकत्र आलं की विषारी क्लोरीन सुटतो, बंद बाथरूममध्ये जीवावर बेतेल. टाकी निर्जंतुक करायला हायड्रोजन पेरॉक्साइड बरं, तेही माहितगाराकडून, आणि नंतर टाकी दोन-तीनदा भरून ओतून द्यायची. काम करताना नुसतं बटण नाही, बोर्डावरचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) पाडायचा. रिकाम्या टाकीत कॉइल चालू झाली तर जळलीच समजा.

धायरी
आमच्याकडे गार आणि गरम, दोन्ही नळांना वास आहे. मग गिझर उघडून काय उपयोग?

सहकारनगर, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक
काही नाही. दोन्हीला वास म्हणजे टाकी, बोअर किंवा लाइन बघा. अंड्यांऐवजी गटारासारखा वास असेल किंवा पाणी गढूळ असेल, तर ते पाणी पिण्यात आणि स्वयंपाकात घेऊ नका, आधी तपासून घ्या. शेजाऱ्यांनाही विचारा. एकाच विंगमध्ये येत असेल तर गच्चीवरच्या त्या विंगच्या टाकीपासून सुरुवात करा.

धायरी
विचारलं. फक्त बी विंग. उद्या वॉचमनला घेऊन वर जातो, झाकण उघडून फोटो टाकतो.