चेतकच्या पट्ट्यांवरचा काळा थर निघता निघत नाही

खाडीकाठची
बाबांची १९९४ ची चेतक स्कूटर आहे, टू-स्ट्रोक, एमएच ०८. चार वर्षं दापोलीजवळच्या घरी मांडवाखाली उभी होती, वर ताडपत्री. (ताडपत्रीने पाऊस अडवला, पण ओल आत कोंडून ठेवली, हे आता कळतंय.) गेल्या महिन्यात पुण्याला आणली. जरा कलंडवून पाच-सहा किका मारल्यावर इंजिन चालू झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

अडचण आहे ती पाय ठेवतो तिथल्या पट्ट्यांची. रबराच्या दोन्ही कडांना काळा थर बसलाय, नखाने खरवडला तरी ढिम्म हलत नाही. लाल माती, ऑइल, आणि मला वाटतं फणसाचा चीक. मे महिन्यात बाबा आजीकडून येताना पायात फणस ठेवून आणायचे, देठ खाली करून. कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, लिंबू-मीठ, सगळं करून झालं. हेडलाइटच्या रिंगवर वेगळाच प्रकार, मोहरीएवढे तपकिरी ठिपके.

एक आगाऊपणाही केलाय. शेजारचे काका म्हणाले संडासाचं ॲसिड लाव. पट्टीच्या एका टोकाला बोळ्याने लावलं. जरा वेळाने फसफसलं. धुऊन बघते तर थर जागच्या जागी आणि बाजूची चांगली जागा राखाडी, आंधळी झालेली. तिथेच थांबले. आता काय करू?

पाना_नंबर_दहा
ताई, आधी ती ॲसिडची बाटली काकांना परत द्या.

मग फ्रिजवरचं लोहचुंबक घ्या आणि दोन्हीकडे लावून बघा. रिंगला चिकटेल, कारण आत लोखंडी पत्रा आहे, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोमचा अगदी पातळ थर. पट्टीला चिकटणार नाही, ती ॲल्युमिनियमची. मळ सारखा दिसला तरी धातू दोन आहेत, त्यामुळे औषधंही दोन. संडासाच्या ॲसिडने ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि क्रोमही उतरतं, म्हणजे रिंगवर लावलं नाहीत हे नशीब.

रिंगसाठी पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉइल घ्या. तिचा बोळा करून पाण्यात बुडवा आणि ठिपक्यांवर हलक्या हाताने घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, म्हणून चरे पडत नाहीत. करडा चिखल सुटेल तो पुसत राहा. तारेची घासणी मात्र लावायची नाही. ठिपका गेल्यावर खाली बारीक छिद्र दिसलं तर ते राहणारच, गंज तिथूनच वर आलाय. वाळवून मेण चोळा.

सोमवारपेठी
पट्टीसाठी धुण्याचा सोडा गरम पाण्यात, रात्रभर फडकं भिजवून ठेवा. आमच्या चिमणीची जाळी तशीच साफ होते.

पाना_नंबर_दहा
जाळी स्टीलची असेल. ॲल्युमिनियमला सोडा लावू नका हो. ॲल्युमिनियमचा कुकर सोड्याने घासला की कसा काळा पडतो, घरात विचारा.

देवगडवाले_मामा
फणसाचा चीक पाण्याने, साबणाने, लिंबाने जन्मात जायचा नाही. गऱ्यांना बसताना विळीला आणि हाताला काय लावता? खोबरेल! तेच इथे. जुन्या गंजीचं फडकं खोबरेलात भिजवून पट्टीवर ठेव, तास-दोन तास विसरून जा. मग आइस्क्रीमची लाकडी काडी तिरकी धरून रबराच्या कडेने ढकल. स्क्रूड्रायव्हर घेतलास तर ओरखडे मोजत बसशील.

काळं उरलंच तर ते डांबर किंवा जळकं ऑइल. पूर्वी रॉकेल म्हटलं असतं, आता ते मिळतंय कुठे! रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आण. बोळा ओला कर, ठिबकता नको, आणि लगेच साबणाच्या पाण्याने पूस, नाहीतर रबर फुगतं. बाजूच्या रंगाला आधी कागदी टेप लाव.

खाडीकाठची
मामा, रविवारी केलं. पहिल्या तासात काहीच नाही, मला वाटलं तुम्ही चेष्टा केलीत. दुसऱ्या तासानंतर काडी लावली तर थर चिक्कीसारखा तुकड्यांत न उठता दोरीसारखा लांब सुटत आला. तांबूस-काळा, आणि जवळून हुंगला तर खरंच थोडा फणसाचा वास! (आई म्हणते खोबरेलाचाच असणार.) चारपैकी तीन पट्ट्या नुसत्या तेलावर निघाल्या. ब्रेकच्या बाजूच्या पट्टीला टर्पेंटाइन लागलं.

रिंगवरचे ठिपके फॉइलने गेले. खालच्या बाजूला दोन छिद्रं राहिली, ती माहीत असल्याशिवाय दिसत नाहीत. ॲसिडचा डाग मात्र तसाच.

पाना_नंबर_दहा
त्याला पॉलिशपेपर. पाण्यातला, आधी ८०० नंबर, मग १२००, शेवटी २०००. साबणाच्या पाण्यात बुडवत पट्टीच्या लांबीच्या दिशेनेच चालवा, गोल गोल नको. त्यानंतर ब्रासो. तेवढा भाग बाकीच्या पट्टीपेक्षा जास्त चमकेल, म्हणजे मग अख्खी पट्टी करावी लागेल, आणि एक केली की उरलेल्या तीन. तयारी ठेवा.

खाडीकाठची
तसंच झालं. चारही केल्या, उजवा अंगठा दोन दिवस दुखतोय. आता नवा घोळ: एका पट्टीच्या टोकाची छोटी टोपी काडी लावताना उडाली आणि बाल्कनीतून खाली गेली. कुठे मिळेल?

सोमवारपेठी
जुन्या बाजारात बघा. राहिलेली एक टोपी नमुना म्हणून सोबत न्या, नुसतं चेतक म्हटलंत तर व्हेस्पाचीही हातात ठेवतील. आणि सोड्याबद्दल सॉरी.