प्रयोग २४ दिवसांवर, नायकाचा आवाज बसलाय, एकीला डेंगी आणि ग्रुपमध्ये दोन तट. तालीम कशी सांभाळावी?

विंगेतली_चिमणी
नमस्कार. कॉलेजचं दोन अंकी नाटक बसवतोय, प्रयोग गोव्यात, फोंड्याला राजीव गांधी कला मंदिरात. १४ नट, ६ जण बॅकस्टेज. तालीम रोज ४:३० ते ८:३०, कॉलेजच्या हॉलमध्ये. दिग्दर्शन माझ्याकडे आहे.

नायकाचा आवाज पाच दिवस बसलेला आहे. मिठाच्या गुळण्या चालू आहेत आणि तालमीत तो कुजबुजत संवाद म्हणतो. आईची भूमिका करणारीला डेंगी झालाय. तापाचा आज चौथा दिवस, सकाळी ताप उतरला, म्हणून उद्यापासून येते म्हणतेय. खबरदारी म्हणून नायकाचे संवाद दुसऱ्या एका मुलाला पाठ करायला दिले, त्यावरून दोन तट पडले आणि अर्धी मुलं एकमेकांशी बोलत नाहीत. वाळपईकडची चौघं शेवटच्या बससाठी ७:३० ला निघतात, त्यावरूनही रोज कुरबुर. कुठून सुरुवात करू?

तिसरी_घंटा
आधी डेंगीवालीला फोन करा. तिला उद्या येऊ देऊ नका.

डेंगीत ताप उतरतो तेव्हाच जपायचं असतं. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप जाताना, रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपू लागतं, आणि पुढचे २४ ते ४८ तास धोक्याचे. मुलीला वाटतं बरं झालं, आणि नेमकी तेव्हाच ती उठून कामाला लागते. पोटात जोराने दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, सुस्ती किंवा विलक्षण बेचैनी, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता इस्पितळात, गरज पडली तर १०८. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नये, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉलच, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. पोटात पातळ जात राहिलं पाहिजे: उकड्या तांदळाची पेज, शहाळं, ओआरएस (पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, सहसा एक लिटर).

डॉक्टरांनी सोडल्यावरही थकवा दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. पहिले दोन दिवस खुर्चीत बसून फक्त संवाद, अर्धा तास. मग उभ्याने एकेक प्रवेश. पळापळ आणि नाच सगळ्यात शेवटी. तोवर तिच्या जागी कुणीतरी संहिता हातात घेऊन उभं राहू दे, म्हणजे बाकीच्यांच्या हालचाली बिघडत नाहीत.

आणि हॉलच्या मागे एक फेरी मारा. रंगाचे रिकामे डबे, बादल्या, करवंट्या, जुना टायर. डेंगीचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आधी जास्त, म्हणजे तुमच्या तालमीच्या वेळेलाच. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एक ठरलेला वार धरून सगळं उपडं करायचं. एकदा करून भागत नाही.

खर्जातला_सा
आवाजाबद्दल. कुजबुजणं आजपासून बंद. कुजबुजताना बऱ्याच जणांचा घसा उलट जास्त आवळला जातो. दोन ते तीन दिवस पूर्ण मौन, फोनवरसुद्धा नाही. तालमीला त्याला जरूर बोलवा: तो हालचाली करेल, संवाद विंगेतून दुसरा वाचेल. पाठांतर आणि ब्लॉकिंग (रंगमंचावर कुणी कुठे उभं राहायचं, कुठे जायचं) दोन्ही चालू राहतं.

गुळण्यांचं पाणी स्वरयंत्रापर्यंत पोचत नाही. घशाला बरं वाटतं, स्वरतंतूंना काही होत नाही. त्यांना ओलावा मिळतो तो दिवसभर थोडंथोडं पाणी पिण्याने आणि साध्या वाफेने, पाच-सात मिनिटं, बाम न घालता. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या टाळा. दुखणं कळेनासं होतं आणि मुलगा आणखी ओरडतो.

मौन संपल्यावर स्ट्रॉ. अर्ध्या भरलेल्या बाटलीत स्ट्रॉचं टोक पाण्याखाली दोन-तीन सेंटिमीटर ठेवायचं आणि सहज वाटेल त्या सुरात 'ऊ' काढत बुडबुडे आणायचे. गाल आणि मान सैल. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. बुडबुडे अडखळत आले तर श्वास तुटतोय असं समजा, सूर थोडा खाली घ्या.

आता मुळाकडे या. पार्श्वसंगीत पहिल्या दिवसापासून मोठ्याने लावता का? डोक्यावर खडखडणारा पंखा आहे का? भोवती गोंगाट असला की माणूस नकळत चढ्या आवाजात बोलतो आणि चार तासांत घसा बसतो. संगीत शेवटच्या आठ-दहा दिवसांत आणा, त्याआधी संगीत कुठे येणार तो क्यू फक्त तोंडी सांगा. रात्री घरी जाताना गाड्यावर रस-ऑम्लेट खाऊन लगेच आडवं होणंही बंद करा. आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज घोगरा. जेवण आणि झोप यात दोन-तीन तास हवेत.

तीन आठवड्यांत सुधारलं नाही, गिळताना दुखलं किंवा थुंकीत रक्त दिसलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. ओरडता ओरडता एकदम आवाज गेला तर त्याच दिवशी.

प्रॉम्प्टर_दादा
तट पडलेत त्याचं कारण मला तुमच्या वेळापत्रकात दिसतं. १४ जणांना रोज चार तास थांबवून ठेवता आणि बहुतेक प्रवेशांत पाच-सहाच असणार. बाकीचे कोपऱ्यात बसतात, भाजी-पाव मागवतात आणि दुसऱ्यांच्या कामावर बोलतात. भांडण त्या कोपऱ्यात शिजतं.

आज एक मोठा कागद घ्या. आडवे प्रवेश, उभी नावं, जो ज्या प्रवेशात आहे तिथे फुली. वाळपईच्या चौघांच्या फुल्या लाल पेनाने. लाल फुली असलेले प्रवेश ४:३० ते ७:१५, उरलेले त्यानंतर. ज्याची फुली ६ नंतर सुरू होते त्याला ६ लाच बोलवा. रात्री व्हॉट्सॲपवर फक्त उद्याच्या वेळा, आणि ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन' करून टाका. मतं आणि तक्रारी समोरासमोर.

बदली नटाबद्दल आज संदिग्धता आहे, म्हणून दोघंही घाबरलेत. अट आणि तारीख ठरवा. उदाहरणार्थ: प्रयोगाच्या ११ दिवस आधी नायकाने एका दिवसाआड दोनदा पहिला अंक सलग केला, आवाज फुटला नाही आणि डॉक्टरांची हरकत नसली, तर भूमिका त्याचीच. नसेल तर बदली उतरेल. आधी दोघांना वेगवेगळं सांगा, मग एकत्र, मग सगळ्यांना. प्रयोगात बदली उतरला नाही तरी एका रंगीत तालमीत पहिला अंक त्याला पूर्ण वेशभूषेत द्या. त्याने पाठ केलेल्या संवादांचा एवढा मान राखायलाच हवा.

आणखी एक, आपल्याकडे हे हमखास होतं. घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलाच्या मराठी संवादात हेल येतो आणि कुणीतरी सगळ्यांसमोर त्याची नक्कल करतं. ते तिथल्या तिथे थांबवा. उच्चार बाजूला घेऊन सुधारायचे: पाच वाक्यं, फोनवर रेकॉर्ड, एकदा त्याचं, एकदा तुमचं, रोज दहा मिनिटं. रन-थ्रूनंतरच्या (सलग तालमीनंतरच्या) सूचना माणशी तीनच, चिठ्ठीवर लिहून. 'तू लक्षच देत नाहीस' असं लिहायचं नाही. 'दुसऱ्या प्रवेशात खुर्ची सोडायला उशीर' असं लिहायचं.

विंगेतली_चिमणी
तिला फोन केला, आई तिला डॉक्टरांकडे नेतेय. कागद करायला घेतला. आत्ताच दिसतंय की लाल फुल्या सातच प्रवेशांत आहेत! राहिलं एक: हॉलच्या टोकाला नेपथ्याचे फ्लॅट (उभ्या करायच्या खोट्या भिंती) रंगवणं चालू असतं, आणि एका मुलाला दमा आहे. पावसाळाभर बंद असलेले पडदेही काढायचेत.

तिसरी_घंटा
रंगकाम आणि प्लाय कापणं व्हरांड्यात हलवा, किंवा तालमीनंतर करून रात्रभर खिडक्या उघड्या ठेवा. पडद्यांना बुरशी धरलेली असणार. ते बाहेर, मास्क लावून झटका आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात घाला. दम्याच्या मुलाला त्या कामावर ठेवू नका. धूप, धूरयंत्र आणि पावडर उडवणं हेही प्रयोगातून काढा. पूजेचा प्रवेश असेल तर समई पुरते.

त्याचा इनहेलर दप्तरात ठेवून उपयोग नाही. डॉक्टरांकडून दुसरा लिहून घ्या, दोन्ही विंगांत एकेक, प्रॉपर्टीच्या टेबलावर चिकटपट्टीने चौकोन आखून त्यातच. इनहेलरवरचा उरलेल्या डोसांचा आकडा बॅकस्टेजच्या एकाने रोज तालमीआधी बघायचा.