मदत हवी आहे : कोंडा घातलेल्या पोळ्या फाटतात

नमस्कार मंडळी. बाबांना (वय ७२) बद्धकोष्ठतेचा जुना त्रास. डॉक्टर म्हणाले, आहारात तंतू वाढवा आणि पाणीही. म्हणून गिरणीतून गहू जाडसर दळून आणले, कणीक चाळणं बंद केलं. वर गव्हाचा भरड कोंडाही आणला. त्यात १०० ग्रॅममागे चाळीसेक ग्रॅम तंतू असतात. चार वाट्या कणकेला एक वाटी घातला.

पोळ्या लाटतानाच कडेने फाटतात, गार झाल्या की पापड. बाबा म्हणाले, "हे गुरांना घाल." (गुरं असती तर घातलंही असतं.)

कोंडा पाणी सावकाश पीत राहतो, शिवाय कणकेचा चिवटपणा तोडतो, हे कळतंय. म्हणून काल तो आधी अर्धा तास गरम पाण्यात भिजवला आणि मग मळलं. लाटायला बरं पडलं, पण पोळी फुगायचं नाव नाही.

मिक्सरमधून बारीक केला तर पोळी मऊ होईल बहुतेक. पण पोट साफ व्हायला भरड कोंडाच जास्त उपयोगी, मग केलेल्या खटाटोपाचा फायदा काय? कोणी कोंडा रात्रभर भिजवून पाहिलाय का? पीठ आंबतं का त्याने? की प्रमाणच निम्म्यावर आणू आणि बाकीचं जवाच्या पिठाने भरून काढू? जवातले तंतू बरेचसे पाण्यात विरघळणारे, त्यामुळे पोळीचा पोत वेगळा येईल असं वाटतं. कितीला किती घ्यायचं, ते मात्र करून पाहिलेल्यांनीच सांगा. इसबगोल सुचवू नका, बाबा त्याला हात लावत नाहीत.